दगडाचं गाव, खड्ड्यातलं गाव

रस्त्यावर उभं राहिल्यावर घराचं छप्पर आपल्या कमरेला कसं लागतं? मोझांबिक बेटावरच्या दुसऱ्या सकाळी मला हा प्रश्न पडला. नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेली (आमच्याकडे तळकोकणात चुडतं म्हणतात) छपरं रस्त्याच्या कडेने ओळीने दिसत होती, आणि हात लांब केला तर त्यांच्या पाख्यांना लागेल इतकी ती खाली होती. आधी वाटलं, घरं बुटकी असतील. कडेला जाऊन खाली वाकून पाहिलं तर घरं चांगली माणसाच्या उंचीची होती. फक्त ती खड्ड्यात होती. उतरून खाली गेलं की गल्ल्या, अंगणं, चुली, दोरीवर वाळणारे कपडे. अख्खी वस्तीच रस्त्याच्या पातळीच्या खाली.

हा खड्डा कसा पडला, याचं उत्तर तसं सोपं आहे. पण त्या उत्तराने माझ्या पीएचडीचा एक अख्खा चॅप्टर मला पुन्हा लिहायला लावला. म्हणून आज त्याबद्दल.

आधी थोडा भूगोल. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मोझांबिक देशाच्या उत्तर भागात हे छोटं बेट आहे. लांबी जेमतेम तीन किलोमीटर, रुंदी सगळ्यात जास्त आहे तिथेही सुमारे अर्धा किलोमीटर. पोर्तुगीजमध्ये त्याचं नाव 'इल्या द मोसांबिक', आणि सगळे नुसतं 'इल्या' म्हणतात, म्हणजे 'बेट'. अख्ख्या देशाला नाव मिळालं ते या एवढ्याशा बेटावरून. नांपुला शहरातून तिथे जायला साधारण १८० किलोमीटरचा रस्ता आहे. मी गेले ते तिथल्या 'शापा'तून, म्हणजे आपल्या वडाप जीपचं मिनीबसमधलं रूप. माणसं भरेपर्यंत सुटत नाही, आणि भरली तरी अजून दोन घेते. शेवटी समुद्रावरचा तीन किलोमीटरहून लांब पूल लागतो. त्यावरून एका वेळी एकच गाडी जाते, त्यामुळे समोरून कुणी आलं की मध्ये मध्ये केलेल्या रुंद जागेत थांबायचं.

मी तिथे का गेले, याचं कारण पणजीत आहे. माझा विषय गोवा आणि पूर्व आफ्रिका यांच्यातला पत्रव्यवहार. बऱ्याच लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं, पण १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा. तिथला कप्तान लिस्बनला नव्हे, तर आधी गोव्याच्या व्हाइसरॉयला बांधील असायचा. गोव्याच्या पुराभिलेखागारात 'मोन्सोयश दु रेइनु' नावाची मोठी ग्रंथमालिका आहे. लिस्बन आणि गोवा यांच्यात मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांबरोबर आलेली-गेलेली ती पत्रं. आपला 'मोसम' आणि पोर्तुगीज 'मोन्सांव' हे दोन्ही एकाच अरबी 'मौसिम'चे नातेवाईक, हे या नावावरून लगेच कळतं. गेली तीन वर्षं मी ही असली पत्रं वाचतेय. शाईने खाल्लेले कागद, वाळवीची भोकं, आणि एका ओळीत चार वेळा 'महामहिम'.

खरं सांगायचं तर इल्यावर उतरताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आधीच तयार होती. पोर्तुगीज आले, त्यांनी आमच्यावरही राज्य केलं आणि तुमच्यावरही. आपण एकाच जात्यात दळले गेलो. मी जणू नात्यातल्या माणसांना भेटायला चालले होते.

दगडाचं गाव

बेटाचे सरळ दोन भाग आहेत. उत्तरेला 'दगडाचं गाव' आणि दक्षिणेला 'मकूतीचं गाव'. मकूती म्हणजे त्याच विणलेल्या झावळ्या.

वास्को द गामा इथे १४९८ च्या मार्चमध्ये आला, तेव्हा बेट ओसाड वगैरे नव्हतं. मुस्लिम शेखची सत्ता होती, अरबस्तान आणि हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या बोटी बंदरात होत्या. पुढच्या दहा वर्षांत पोर्तुगीजांनी इथे ठाण मांडलं. त्यांना हे बेट कशासाठी हवं होतं? तर लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेलं जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून इथवर यायचं, पाणी-अन्न भरायचं आणि नैर्ऋत्य मोसमी वारा पकडून गोव्याला जायचं. उशीर झाला आणि वारा चुकला, तर पुढच्या मोसमापर्यंत महिनोन्महिने इथेच मुक्काम. त्या मुक्कामात तापाने शेकड्यांनी खलाशी आणि सैनिक मरायचे.

बेटाच्या उत्तर टोकाला 'नोस्सा सेन्योरा दु बालुआर्ते' हे १५२२ चं छोटं चॅपेल आहे. दक्षिण गोलार्धात उभी असलेली ही सगळ्यात जुनी युरोपीय इमारत मानली जाते. तिला लागून सांव सेबास्तियांवचा किल्ला. त्याचं काम १५५८ मध्ये सुरू झालं आणि पुढे कित्येक दशकं चाललं. १६०७ आणि १६०८ अशी लागोपाठ दोन वर्षं डच वेढा घालून बसले. त्यांनी गाव जाळलं, पण किल्ला काही पडला नाही. त्यामागे भिंती तर होत्याच, पण पाणीही होतं. बेटावर गोडं पाणी जवळपास नाहीच. किल्ल्यात पडणारं पावसाचं पाणी उतरत उतरत एका मोठ्या टाक्यात साठेल अशी रचना आहे. या टाक्याचं पाणी आसपासचे लोक अगदी अलीकडेपर्यंत घागरी-कॅन भरून नेत आलेत. दगडी गावातल्या घरांची गच्चीही सपाट असते ती यासाठीच. पावसाचा थेंब न् थेंब खाली टाक्यात जायला हवा.

गावात फिरताना गोवा पावलोपावली भेटतो. जेझुइटांचं कॉलेज होतं, ते त्यांना हाकलल्यावर गव्हर्नरचा वाडा झालं आणि आता संग्रहालय आहे. लाल रंगाची मोठी इमारत. आत भारतात घडवलेलं काळ्या लाकडाचं फर्निचर आहे, कोरीवकाम इतकं बारीक की आपल्या कारागिराचा हात लगेच ओळखू येतो. समुद्राकडे तोंड करून कवी लुईस द कामोंइशचा पुतळा आहे. गोव्यात बरीच वर्षं काढून मायदेशी निघालेला हा कवी १५६७ च्या सुमारास इथे अडकला. परतीच्या भाड्याला पैसे नव्हते. मित्र इतिहासकार दियोगु दु कोउतु त्याला इथे भेटला, तेव्हा तो ओळखीपाळखीच्या लोकांच्या घासावर जगत होता, असं कोउतुनेच लिहून ठेवलंय.

मला हे सगळं आवडलं, खोटं कशाला बोलू. फोटो काढले, आईला पाठवले. तिचं उत्तर आलं, "अगं, हे तर आपलं फोंताईन्हासच!"

खड्डा

आणि मग दुसऱ्या दिवशी ती छपरं.

दगडी गाव बांधायला दगड लागला. बेट मुळात प्रवाळाच्या चुनखडीचं. तेव्हा दगड जवळच काढला, बेटाच्याच दक्षिण भागातून. चुनाही तिथलाच, प्रवाळ आणि शिंपले भाजून केलेला. किल्ले, चर्च, गोदामं, वाडे वर चढत गेले, तशी दक्षिणेची जमीन खाली जात राहिली. आणि ज्यांनी दगड काढला, वाहिला, रचला, त्या गुलाम आणि कष्टकरी माणसांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या वाट्याला आली ती हीच उकरलेली जमीन. त्यांनी त्या खाणीतच घरं बांधली. लाकडाचा सांगाडा, मातीचा लेप, वर मकूती.

म्हणजे उत्तरेला जेवढं गाव जमिनीच्या वर आहे, तेवढंच दक्षिणेला ते जमिनीत कमी झालंय.

पाऊस पडला की काय होत असेल, ते सांगायला नको. पण इथेच मला जरा थांबायला झालं. वरच्या गावात पावसाचा प्रत्येक थेंब ही मिळकत. गच्ची, पन्हळ, टाकं, सगळं त्यासाठी. खालच्या गावात तोच पाऊस साचतो, गल्ल्यांत उभा राहतो, डास होतात, रोग पसरतात. एकाच बेटावर एकच ढग.

'नग'

आता परत पणजीच्या कागदांकडे येते.

माझ्या कागदांमध्ये दगडी गाव ठसठशीत दिसतं. कप्तान, पाद्री, फॅक्टर, दिवचे वाणी व्यापारी, सगळ्यांना नावं आहेत, सह्या आहेत, तक्रारी आहेत. मकूती गाव मात्र फार क्वचित दिसतं, आणि दिसतं तेव्हा आकड्यांत. गुलामांसाठी पोर्तुगीज कागदांत एक शब्द वारंवार येतो, 'पेसा'. अर्थ: तुकडा, नग. धडधाकट तरुण गुलामाच्या मापाला तर 'पेसा द इंदिया', म्हणजे 'हिंदुस्थानी नग', असं म्हणायचे. आणि हाच 'पेसा' शब्द कापडाच्या ताग्यालाही वापरला जातो. तेव्हा यादी वाचताना आपण आधी पुढचा-मागचा शब्द बघतो: हे इतके नग सुती कापडाचे की माणसांचे?

ही नुसती शब्दांची गंमत नाही. माणसाचा भाव खरोखरच कापडात होत होता. १६८६ मध्ये गोव्याच्या सरकारने दिव आणि मोझांबिकमधल्या व्यापाराचा मक्ता दिवच्या व्यापाऱ्यांच्या एका कंपनीला दिला. पोर्तुगीज तिला 'माझान' म्हणजे महाजनांची कंपनी म्हणत. दिवहून गुजरातचं कापड भरलेली जहाजं ईशान्य वाऱ्यावर इल्याला यायची आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर परत जायची, मुख्यतः हस्तिदंत घेऊन. मुख्य भूमीवरच्या बाजारात नाणं चालत नसे, कापड चाले. आणि वाट्टेल ते कापड नव्हे. तिथल्या लोकांची आवड पक्की होती आणि ती बदलायची. यंदा कुठला पट्टा, कुठला रंग खपतोय याची खबर मोझांबिकहून गुजरातच्या विणकरापर्यंत पोचावी लागे, नाहीतर अख्खं जहाज तोट्यात. पेद्रो मशादु या इतिहासकाराने यावर सविस्तर काम केलंय आणि माझ्या थिसिसचा अर्धा पाया तोच आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तिदंतापेक्षा माणसांची मागणी वाढत गेली. फ्रेंचांच्या हिंदी महासागरातल्या बेटांवर उसाचे मळे होते, पलीकडे ब्राझील होतं. तेच कापड, त्याच वाटा, फक्त बदल्यात मिळणारा माल वेगळा.

यातलं एक जहाज आता जगाला माहीत झालंय. 'सांव जोझे' हे पोर्तुगीज जहाज १७९४ च्या डिसेंबरात इल्याहून ब्राझीलकडे निघालं. तळात ५०० हून जास्त गुलाम होते. २७ डिसेंबरला केप टाऊनजवळ खडकावर आदळून ते फुटलं. दोनशेहून जास्त माणसं बुडाली. जी वाचली त्यांना तिथेच विकून टाकलं. जहाजाची ओळख पटली ती कागदाने आणि लोखंडाने. केप टाऊनच्या दप्तरात कप्तानाचा जबाब सापडला. लिस्बनच्या कागदात जहाजावर लोखंडी कांबी चढवल्याची नोंद सापडली, आणि पाणबुड्यांना समुद्राच्या तळाशी त्याच कांबी मिळाल्या. कांबी कशासाठी? माणूस हा माल वजनाला हलका आणि हलणारा. जहाज स्थिर ठेवायला तळात वजन लागतं. २०१५ मध्ये हे जाहीर झालं, तेव्हा इल्याजवळच्या मकुवा लोकांनी दिलेली माती पाणबुड्यांनी त्या जागी नेऊन ठेवली.

पोर्तुगालने गुलामांच्या व्यापारावर १८३६ मध्ये कागदोपत्री बंदी घातली. चोरून तो पुढे कित्येक वर्षं चालूच राहिला.

मग आपण कुठे?

मकूती गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी माझ्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये गप्पा झाल्या. त्यांनी विचारलं, कुठली? म्हटलं, सिंधुदुर्गातली, पण आजोळ गोव्यात, पेडण्याला. ते हसले आणि म्हणाले, "गोवा! म्हणजे ऑफिसातली माणसं."

टोमणा नव्हता त्यात. त्यांच्या लहानपणी टेबलामागे बसलेला, शिक्का मारणारा माणूस पुष्कळदा गोवेकर असायचा, एवढंच ते सांगत होते. पण माझी ती 'एकाच जात्यात दळलेल्यांची' गोष्ट तिथेच संपली. इल्यावर मी जर तीनशे वर्षांपूर्वी आले असते, तर बहुतेक कुठल्या गावात उतरले असते? कारकुनाची बायको म्हणून, पाद्र्याची बहीण म्हणून, दिवच्या वाण्याच्या पेढीवर? वरच्याच की.

याचा अर्थ आपण सगळे गुन्हेगार, असं मला म्हणायचं नाही. इतिहास एवढा सोपा असता तर पीएचडीला सहा वर्षं लागली नसती. दगडी गावातही हिंदी व्यापाऱ्यांचा कायम संशयच घेतला गेला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा सालाझारच्या सरकारने त्याचा राग मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांवर काढला. त्यांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता गोठवली आणि पुढे देशाबाहेर घालवलं. दुसरीकडे आकिनु द ब्रागांसा हा बार्देशात जन्मलेला माणूस मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्याबरोबर राहिला, राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचा सल्लागार झाला आणि १९८६ मध्ये त्यांच्याबरोबरच विमान अपघातात गेला. म्हणजे आपला वाटा एकरंगी नाही. पण 'आम्हीही वसाहतीतलेच' एवढं म्हणून त्यातून सुटता येत नाही.

माझ्या आधीच्या मसुद्यात त्या चॅप्टरचं नाव होतं, 'पोर्तुगीज सत्तेखालील दोन प्रजा'. आता ते बदललंय. गाईडना नवीन आराखडा पाठवला तेव्हा त्यांनी एकच वाक्य लिहिलं, "यादीतल्या नगांपासून सुरू कर." सध्या तेच चाललंय. मालाच्या याद्या, बाप्तिस्म्याच्या नोंदी, पळून गेलेल्या गुलामांबद्दलची पत्रं. कुठे एखादं नाव सापडतं, बऱ्याचदा मालकाने दिलेलं. कुठे नुसतं वय. दगडी गावाचा इतिहास त्याने लिहिलेल्या कागदात मिळतो. खड्ड्यातल्या गावाचा इतिहास त्याच कागदातून उकरावा लागतो.

आजचं बेट

१८९८ मध्ये राजधानी दक्षिणेला लोरेन्सु मार्किश, म्हणजे आजच्या मापुतूला हलली, आणि इल्याचा थाट ओसरला. १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, पोर्तुगीज निघून गेले आणि वाडे रिकामे पडले. पुढच्या यादवी युद्धात मुख्य भूमीवरून जीव वाचवून आलेल्या माणसांनी बेट भरून गेलं. १९९१ मध्ये युनेस्कोने अख्ख्या बेटाला जागतिक वारसा म्हटलं. दगडी आणि मकूती, दोन्ही.

हे कागदावर छान आहे. प्रत्यक्षात वरच्या गावात काही वाडे सुंदर गेस्टहाऊस झालेत, तर काहींच्या भिंतींतून झाडं उगवलीयत. खालच्या गावात जागा पुरत नाही, बेटावरची बहुतेक माणसं तिथेच राहतात. मकूती दर काही वर्षांनी बदलावी लागते आणि ती आता स्वस्त राहिली नाही. त्यामुळे लोक पत्रे घालतात. वारसा जपणाऱ्यांना पत्रे खुपतात. पण मार्च २०२२ मध्ये गोंबे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर उडून गेलं, त्याने पारंपरिक साहित्यच वापरावं, असं गेस्टहाऊसच्या गच्चीवर कॉफी पीत सांगणं फार सोपं आहे. मी तीच कॉफी पीत होते, म्हणून सांगते.

शेवटच्या संध्याकाळी मी पुन्हा खाली गेले. एका अंगणात एक बाई दगडावर पाणी शिंपडून लाकडाचं खोड उगाळत होती. त्याचा पांढरा लेप इथल्या मकुवा बायका चेहऱ्याला लावतात, त्याला 'मुसिरो' म्हणतात. सहाणेवर चंदन उगाळावं अगदी तसंच. तिने माझ्याही गालाला लावला आणि माझे कुरळे केस बघून शेजारणीला काहीतरी म्हणाली. दोघी खूप हसल्या.

मला आजी आठवली. लहानपणी तेल लावताना माझ्या केसांत फणी अडकली की ती वैतागून म्हणायची, "काय हे खाप्री केस!" गोव्याकडे आफ्रिकी माणसाला 'खाप्री' म्हणतात. मूळ अरबी 'काफिर', त्याचा पोर्तुगीजांनी केला 'काफ्र', आणि तो आमच्या ओसरीवर येऊन झाला 'खाप्री'. हा शब्द जहाजातून आला, आणि शब्द काही एकटा येत नाही. त्याच्याबरोबर माणसं आली होती, गोव्यातल्या वाड्यांत पाणी भरायला, पालख्या उचलायला.

आजीला हे माहीत नव्हतं. मलाही, तीन वर्षं कागद वाचून, कधी सुचलं नव्हतं की माझ्या विषयाचा पहिला पुरावा मी सात वर्षांची असताना, पेडण्याच्या ओसरीवर, डोकं धरून ऐकलाय. नवीन चॅप्टरची पहिली ओळ अजून ठरायची आहे, पण सुरुवात त्या शब्दापासून करीन म्हणते.